पिठातली पाकोळी आणि शालीतली पाकोळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या न्यू जर्सीच्या घरात कीटकशास्त्राच्या बाबतीत एक चूक झाली. चूक माझीच होती, आणि ती आजीच्या शालीला भोवली.

झालं असं, की सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरात पाकोळ्या दिसू लागल्या. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, पंखांचा पुढचा भाग फिकट आणि मागचा तांबूस. कणकेची वीस पौंडी पिशवी उघडली तर पिठाला जाळी लागलेली. पीठ फेकलं, डबे धुतले आणि दुकानातून चिकट कागदाचा सापळा आणून कपाटात लावला. आठवड्याभरात त्यावर वीसेक पाकोळ्या चिकटल्या. मी खूश.

ऑक्टोबरमध्ये तशीच एक बारीक पाकोळी कपड्यांच्या कपाटातून भुर्रकन उडाली. मी उरलेला दुसरा सापळा तिथे टांगला. दोन महिने त्यावर काहीही अडकलं नाही. 'चला, इथे काही नाही' असं म्हणून मी निर्धास्त झाले. डिसेंबरमध्ये आजीची लोकरी शाल काढली, तर घडीच्या आत चाळण झालेली. फोनवर आई म्हणाली, "अगं, कसर लागली. एवढंही कळलं नाही तुला?"

खरंच कळलं नव्हतं. त्या सापळ्यावर मादीच्या गंधाची नक्कल करणारं रसायन लावलेलं असतं. त्या वासाने नर येतात आणि चिकटतात. पण तो वास पिठातल्या पाकोळीच्या मादीचा होता, आणि शालीतली पाकोळी वेगळ्याच कुळातली. माझ्या डोळ्यांना दोन्ही 'बारीक, मातकट, उडणारं काहीतरी' होतं. प्रत्यक्षात त्यांचे पूर्वज दहा कोटी वर्षांहूनही आधी एकमेकांपासून वेगळे झालेले आहेत.

त्या शालीच्या दुःखात मी जे वाचत गेले, त्यातून हा लेख झाला. बारीक पतंगांचं वर्गीकरण म्हटलं की संग्रहालयातल्या टाचण्या आणि लॅटिन नावं डोळ्यांसमोर येतात. पण ती नावं घरातल्या शालीपासून शेतातल्या टोमॅटोपर्यंत कुठे कुठे पोचतात ते पाहू.

'इंडियन' कुठली?

आधी आपल्यावरचा एक आळ दूर करू. पिठातल्या या पाकोळीला इथे 'इंडियन मील मॉथ' म्हणतात. मला वाटायचं, आपल्या देशी दुकानातल्या पिठाबरोबर आली म्हणून 'इंडियन'. तसं काही नाही. १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांना ही अळी मक्याच्या पिठात सापडली. अमेरिकेत त्या काळी मक्याला 'इंडियन कॉर्न' आणि त्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत. त्यावरून हे नाव पडलं. भारताशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तिचं शास्त्रीय नाव प्लोडिया इंटरपंक्टेला. पायरॅलिडी हे तिचं कुळ. शालीतली पाकोळी म्हणजे टिनिओला बिसेलिएला, कुळ टिनेइडी. दोन्ही नावांच्या शेवटी 'एला' आहे हे लक्षात आलं का? तो योगायोग नाही. त्यामागे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची एक युक्ती आहे.

लिनियसचे सात खण

१७५८ मध्ये कार्ल लिनियस यांच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांची शास्त्रीय नावं तिथून मोजायला सुरुवात होते. फुलपाखरं आणि पतंगांचे त्यांनी तीन गट केले. दिवसा उडणारी, मिशांच्या टोकाला गाठ असलेली फुलपाखरं म्हणजे 'पॅपिलिओ'. दणकट अंगाचे, वेगाने उडणारे पतंग म्हणजे 'स्फिंक्स'. आणि उरलेले सगळे 'फॅलिना'.

हा उरलेल्यांचा गट प्रचंड मोठा होता, म्हणून त्याचे पुन्हा सात भाग केले. त्यातले शेवटचे चार भाग बहुतेक बारीक पतंगांचे होते: पानं गुंडाळणारे 'टॉर्ट्रिक्स', 'पायरॅलिस', कसरीसारखे 'टिनिया', आणि पिसांसारखे चिरलेले पंख असणारे 'अल्युसिटा'. प्रत्येक भागातल्या जातींच्या नावांना लिनियस यांनी ठरावीक शेपूट लावलं. टॉर्ट्रिक्समधल्यांना 'आना', पायरॅलिसमधल्यांना 'आलिस', टिनियामधल्यांना 'एला' आणि अल्युसिटामधल्यांना 'डॅक्टिला'. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडलं की माणूस कुठला ते कळतं, तशीच ही सोय. नाव ऐकलं की खण कळला पाहिजे.

पुढच्या लोकांनी ही पद्धत उचलली, आणि ती इतकी रुजली की बारीक पतंगांच्या हजारो जातींच्या नावांत ही शेपटं आजही दिसतात. गंमत अशी, की खण बदलले तरी शेपूट तसंच राहतं. जातीचं मूळ नाव सहसा बदलायचं नाही असा नियम आहे. सफरचंदात अळी निघते ती सिडिया पोमोनेला. लिनियस यांनी तिला टिनियाच्या खणात टाकलं, म्हणून 'एला'. पुढे कळलं, की ती पानं गुंडाळणाऱ्या टॉर्ट्रिसिडी कुळातली आहे. म्हणजे खरं तर 'आना' हवं होतं. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारी गॅलेरिया मेलोनेला हीसुद्धा 'एला', पण ती पायरॅलिडी कुळातली, म्हणजे आमच्या पिठातल्या पाकोळीची चुलत बहीण. कराडकर आडनावाची माणसं चार पिढ्या नागपुरात असावीत, तसं हे.

'मायक्रो' म्हणजे लहान, पण...

पतंगांचा अभ्यास करणारे हौशी लोक सर्रास दोन शब्द वापरतात: 'मॅक्रो' आणि 'मायक्रो'. मोठे पतंग आणि बारीक पतंग. दोघांची पुस्तकं वेगळी, अभ्यासकही बहुधा वेगळे. विभागणी सोयीची आहे, पण निसर्गाला ती ठाऊक नाही.

ऑस्ट्रेलियात एंडॉक्सिला नावाचा एक लाकूड पोखरणारा पतंग आहे. त्याच्या मादीच्या पंखांचा विस्तार वीस सेंटिमीटरहून जास्त, आणि वजनाला हा जगातला सगळ्यात भारी पतंग. तरी तो 'मायक्रो'त मोडतो! हिमालयात 'किडाजडी' म्हणून जी बुरशी सोन्याच्या भावाने विकली जाते, ती ज्या जाडजूड अळीवर उगवते तो पतंगही 'मायक्रो'च. उलट नखाएवढे कितीतरी पतंग 'मॅक्रो'त मोडतात.

मग 'मायक्रो' म्हणजे काय? घरखर्चाच्या वहीत शेवटी 'किरकोळ' म्हणून एक ओळ असते ना, तसा तो गट. मोठ्या पतंगांच्या ठळक कुळांत जे बसले नाहीत ते सगळे इथे. किरकोळ खात्यात दूधवाल्याचे दहा रुपये असतात आणि कधी कधी फ्रिजच्या दुरुस्तीचे हजारही असतात. ते एकाच ओळीत आले म्हणून त्यांचं एकमेकांशी नातं असतं असं नाही.

वर्गीकरणाचा आजचा आग्रह नात्याचा आहे. एका गटात कोणाला घालायचं? एकाच पूर्वजाच्या सगळ्या वंशजांना. ते दिसायला सारखे असोत वा नसोत, कोणालाही वगळायचं नाही आणि बाहेरच्या कोणाला घ्यायचं नाही. या कसोटीवर 'मायक्रो' साफ नापास होतो. त्यात काही शाखा अतिशय जुन्या आहेत आणि काही अगदी मोठ्या पतंगांच्या शेजारच्या. आमच्या पिठातली पाकोळी दुसऱ्या प्रकारातली. ती शालीतल्या पाकोळीपेक्षा भल्यामोठ्या ॲटलास पतंगाला जवळची आहे.

झाडाच्या बुंध्याशी

फुलपाखरं आणि पतंग मिळून जो गण होतो त्याला लेपिडोप्टेरा, म्हणजे खवलेपंखी, म्हणतात. बोटाला लागते ती 'पावडर' म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. आजवर सुमारे १,६०,००० जातींचं वर्णन झालं आहे. त्यात फुलपाखरं १९ हजारांच्या आसपास. बाकी सगळे पतंग, आणि त्यात बारीक पतंगांची संख्या प्रचंड.

या गणाचे सख्खे भाऊबंद कोण? ओढ्याकाठी दिव्यावर येणारे कॅडिसफ्लाय, म्हणजे ट्रायकोप्टेरा. त्यांच्या पंखांवर खवल्यांच्या जागी केस असतात. खवला हा चपटा झालेला केसच आहे. दोन्ही गणांच्या अळ्या तोंडाजवळच्या ग्रंथीतून रेशीम काढतात. दोन्हींत लिंगगुणसूत्रांची एकसारखी जोडी नराकडे असते, मादीकडे नाही, माणसाच्या नेमकं उलट. कॅडिसच्या कितीतरी अळ्या पाण्याखाली वाळू आणि काड्या रेशमाने चिकटवून अंगाभोवती घर बांधतात.

हे वाचताना मला लहानपणीची न्हाणीघराची भिंत आठवली. तुम्हालाही आठवेल. सिमेंटच्या रंगाची, सूर्यफुलाच्या बीसारखी चपटी थैली भिंतीवर हळूहळू सरकायची, आणि एका टोकातून बारीकसं डोकं बाहेर यायचं. त्या थैलीत कोळी असतो असं आम्ही मुलं समजायचो. ती खरं तर टिनेइडी कुळातल्या पतंगाची अळी. रेशमात धूळ आणि वाळूचे कण गुंफून ती घर करते आणि जुनी कोळिष्टकं, गळलेले केस, मेलेले कीटक यांवर जगते. म्हणजे शालीतल्या कसरीची अगदी जवळची नातलग! बाभळीवर काड्यांची पिशवी अंगात घालून लोंबकळणारी अळीही याच शाखेच्या शेजारची. घर पाठीवर घेऊन फिरणं ही कसरीच्या नातेवाइकांची खासियत आहे.

पतंगांच्या झाडावर अगदी बुंध्याशी बसणारं कुळ म्हणजे मायक्रोप्टेरिजिडी. हे पतंग काही मिलिमीटरचे, बहुतेक दिवसा उडणारे, सोनेरी-जांभळी झाक असलेले. फुलपाखरू म्हटलं की आपल्याला गुंडाळलेली सोंड आठवते. यांना सोंडच नाही! यांना चावायचे जबडे असतात, आणि ते परागकण आणि बीजाणू चावून खातात. सोंड नंतर आली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ओलसर जंगलांतही या कुळातला एक पतंग आहे. त्याच्या अळ्या शेवाळासारख्या लिव्हरवर्ट वनस्पतींवर वाढतात.

पण फुलं आली आणि फुलांसाठी सोंड आली, इतका हा हिशेब सरळ नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका जुन्या गाळातून मिळालेल्या खवल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते खवले सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यातले काही आतून पोकळ होते. पोकळ खवले हे सोंडवाल्या शाखेचं लक्षण आहे. म्हणजे फुलांचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म ज्या काळातले आहेत, त्याच्या कितीतरी आधी सोंड होती. तेव्हा तिचा उपयोग पाण्याचे किंवा झाडांतून पाझरणाऱ्या रसाचे थेंब शोषायला होत असावा, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

बुंध्याकडून वर जाताना एक मोठा टप्पा येतो. जुन्या शाखांतल्या बहुतेक माद्यांना समागमासाठी आणि अंडी घालण्यासाठी एकच द्वार असतं. पुढच्या मोठ्या शाखेत दोन वेगळी द्वारं आहेत. त्यावरूनच तिचं नाव 'डायट्रिशिया'. खवलेपंखींच्या सुमारे ९८ टक्के जाती या एका शाखेत येतात. पिठातली पाकोळी, शालीतली पाकोळी आणि बागेतली सगळी फुलपाखरं, सगळी इथलीच.

ग्रीक शिकवणारे मास्तर

आता या गोष्टीतलं सगळ्यात अफाट पात्र. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हे इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचे. शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी जगभरच्या बारीक पतंगांच्या १४ हजारांहून अधिक जातींचं वर्णन केलं. १९१२ पासून जवळजवळ शेवटपर्यंत ते 'एक्झॉटिक मायक्रोलेपिडोप्टेरा' हे नियतकालिक स्वतःच काढत राहिले.

मेरिक यांचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या जर्नलमध्ये त्यांची भारतातल्या बारीक पतंगांची लेखमाला येत होती. उत्तर कानडासारख्या सह्याद्रीच्या भागांतून जमवलेले पतंग त्यांच्याकडे जायचे. बिहारमधल्या पुसा इथे इंपीरियल एंटोमॉलॉजिस्ट असलेले बेनब्रिग फ्लेचर पिकांवरच्या अळ्या वाढवून त्यांतून निघालेले पतंग मेरिक यांच्याकडे नावासाठी पाठवायचे. अशा रीतीने भारतातल्या कितीतरी जातींचं बारसं इंग्लंडमधल्या एका शाळामास्तरांच्या घरी झालं.

मेरिक यांची पद्धत मात्र एका बाबतीत अडली. ते पंखांच्या शिरा, डोक्यावरचे अवयव आणि रंगखुणा पाहायचे. बारीक पतंगांत याने पुरतं भागत नाही. दोन जाती बाहेरून हुबेहूब सारख्या असू शकतात, पण त्यांचे जननावयव वेगळे असतात. म्हणून आजचा अभ्यासक पतंगाचं पोट काढून दाहक पोटॅशच्या द्रावात मऊ करतो, मांस-चरबी निघून गेली की उरलेला कडक सांगाडा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कुलूप आणि किल्ली पाहावी तशी ही तपासणी. मेरिक यांनी ही पद्धत स्वीकारली नाही. त्यांचा लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियनमधले जे. एफ. गेट्स क्लार्क यांनी त्यातले मूळ नमुने काढून, त्यांचे जननावयव तपासून, चित्रांसह आठ खंड तयार केले. ते खंड १९५५ ते १९७० या काळात निघाले. एका मास्तरांच्या फावल्या वेळातल्या कामाचा उलगडा करायला पुढच्या पिढीची पंधरा वर्षं गेली.

पाच आडनावं लावलेली अळी

मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरू देशातल्या हुआनकायो इथल्या एका मातकट पतंगाला नाव दिलं: थॉरिमिया ॲब्सोल्युटा. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे स्वतःच्या नावासारखा. नाव कागदावर गेलं आणि तिथेच राहिलं.

पुढे हीच अळी दक्षिण अमेरिकेत टोमॅटोचा काळ ठरली. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून हिरवा गर खाते, मग खोड आणि फळ पोखरते. दरम्यान तिचं आडनाव बदलत गेलं. ती नोरिमोस्केमा झाली, मग स्क्रोबिपाल्प्युला, मग स्क्रोबिपाल्प्युलॉइडीस, आणि १९९४ मध्ये 'ट्यूटा'. 'ट्यूटा ॲब्सोल्युटा' या नावाने ती २००६ मध्ये स्पेनमध्ये पोचली, भूमध्य समुद्राभोवती पसरली, आणि २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरातल्या टोमॅटोवर सापडली. आपल्याकडचे शेतकरी तिला नागअळी म्हणतात, आणि 'ट्यूटा' हे नावही आता नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात नवीन राहिलेलं नाही.

२०२१ मध्ये दोन संशोधकांनी या पतंगाची आणि त्याच्या नातलगांची शरीररचना पुन्हा तपासली, वंशवृक्ष मांडला, आणि निष्कर्ष काढला की मेरिक यांचंच पहिलं आडनाव बरोबर होतं. ट्यूटा पुन्हा थॉरिमिया झाली. शंभर वर्षांनी माहेरी परत!

तुम्ही म्हणाल, नावाने शेतकऱ्याला काय फरक पडतो? फरक दोन बाबतींत पडतो.

पहिली गोष्ट माहितीची. एखाद्या किडीवर शंभर वर्षांत जे लिहिलं गेलं ते त्या त्या वेळच्या नावाखाली आहे. फक्त 'ट्यूटा' शोधणाऱ्याला १९९४ च्या आधीचं दक्षिण अमेरिकेतलं काम सापडणार नाही. पाचही नावं एकाच किडीची आहेत, हे कुठेतरी नोंदलेलं असावं लागतं. ते काम वर्गीकरण करणारे करतात.

दुसरी गोष्ट नात्याची. थॉरिमिया प्रजातीत आपली जुनी ओळखीची कीड आहे: बटाट्यावरची पाकोळी, थॉरिमिया ऑपरक्युलेला. ती मूळची दक्षिण अमेरिकेचीच, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून मुंबई इलाख्यात शिरली. दोघींना बटाटा-टोमॅटोचं कुळ प्रिय, दोघी पानं पोखरतात. एका बहिणीबद्दल शतकभर जमवलेलं ज्ञान दुसरीसाठी निदान सुरुवातीचा धागा देतं.

पण नातं म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायला हवं. माझ्या पिठातल्या पाकोळीचा गंध तिच्या काही नातलगांमध्ये जसाच्या तसा चालतो. साठवलेल्या धान्यातले तीन-चार वेगळे पतंग एकाच सापळ्यात सापडतात ते त्यामुळे. टोमॅटो आणि बटाट्यावरच्या या दोन बहिणींचे गंध मात्र वेगळे आहेत. एकीचा सापळा दुसरीला चालत नाही. नात्यावरून अंदाज बांधायचा आणि मग तो तपासायचा, असा हा मामला आहे.

याच जेलेकिइडी कुळातली तिसरी कीड विदर्भातल्या घराघरात माहीत आहे: गुलाबी बोंडअळी, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून झालं. २०१७ मध्ये तिने विदर्भाची कपाशी उद्ध्वस्त केली, बीटी कपाशी असूनही. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही कीड संपल्याचं जाहीर केलं. बीटी कपाशीच्या जोडीला मादीच्या गंधाने नरांना चकवणं, वंध्य पतंग सोडणं आणि सगळ्यांनी एकाच वेळी शेतं साफ करणं हे तिथे वर्षानुवर्षं चाललं. कीड एकच, नावही एकच. फरक पडला तो बाकीच्या कामामुळे. त्यातलं गंधाचं आणि वंध्य पतंगांचं काम मात्र नेमकी जात ओळखल्याशिवाय सुरूच होत नाही.

आणि पिठातल्या पाकोळीच्या घराण्यातलं एक पुण्यकर्मही सांगते. तांदळावरचा पतंग, कॉर्सिरा सेफॅलोनिका, हा पायरॅलिडी कुळातला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तो ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर मुद्दाम वाढवतात. त्याची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीला अंडी घालू देतात. हेच शेतकऱ्यांच्या ओळखीचं ट्रायकोकार्ड. पिकावर लावलं की त्यातून निघालेल्या माश्या दुसऱ्या पतंगांची अंडी नासवतात. घरातली नासाडी करणाऱ्याचा भाऊ शेतात राबतो, असं म्हणायला हरकत नाही.

डीएनए आल्यावर

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची कल्पना मांडली. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. त्यांनी ती तपासली ती ग्वेल्फच्या परिसरातल्या दोनशे जातींच्या पतंगांवर. ज्यांचं पोट काढून काचपट्टी करायला दिवस जायचा, अशा बारीक पतंगांच्या अभ्यासकांना ही पद्धत वरदान ठरली. अळी आणि पतंग एकाच जातीचे आहेत का, हे आता अळी वाढवत न बसता कळू शकतं.

मोठ्या वंशवृक्षासाठी मात्र एक तुकडा पुरत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८६ जातींची दोन हजारांहून अधिक जनुकं ताडून पाहिली. त्यातून खवलेपंखींचा उगम सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा निघतो. सर्वांत जुने खवले २० कोटी वर्षांचे, म्हणजे मधल्या १० कोटी वर्षांचा पुरावा अजून दगडातच दडलेला आहे, किंवा गणितात काही सुधारणा व्हायची आहे.

या वृक्षात फुलपाखरं कुठे बसतात हे पाहून मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. आपण 'फुलपाखरं आणि पतंग' असे दोन गट मनात धरतो. वृक्षात तसे दोन गट नाहीत. फुलपाखरं ही पतंगांच्या झाडाची एक फांदी आहे, दिवसा उडायला लागलेली आणि रंगीत. आणि ही फांदी फुटल्यानंतर पुढे पिठातल्या पाकोळीचं घराणं आणि मोठे पतंग एकमेकांपासून वेगळे झाले. म्हणजे ॲटलास पतंगाच्या लग्नाला नातेवाईक बोलवायचे झाले, तर पिठातली पाकोळी फुलपाखरापेक्षा पुढच्या रांगेत बसेल.

आता तुमच्या घरात

शेवटी कामाचं. पाकोळी दिसली की लगेच सापळा आणू नका. आधी नीट बघा.

पुढचे पंख दोन रंगांचे, आतला तिसरा हिस्सा फिकट आणि बाहेरचा तांबूस असेल, आणि ती स्वयंपाकघरात उजेडाकडे बिनधास्त उडत असेल, तर ती पिठातली. पीठ, रवा, सुकामेवा, चिवड्याचे डबे, पक्ष्यांचे दाणे तपासा. जाळी लागलेलं टाकून द्या, बाकीचं आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

अंगभर एकसारखा वाळल्या गवताचा सोनेरी रंग, डोक्यावर विस्कटलेले तांबूस केस, आणि उजेड दिसताच घडीत पळ काढणारी असेल, तर ती कसर. तिचा प्रौढ पतंग काही खात नाही. अळी मात्र लोकर, केस, पिसं यांतलं केराटिन पचवते, आणि ही किमया फार थोड्या प्राण्यांना साधते. कपडे झटकून, धुऊन, हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. सापळा लावायचाच तर कसरीचा म्हणून वेगळा मिळतो तो लावा.

आणि तुम्हाला यात गोडी वाटली, तर जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात अंगणात किंवा बाल्कनीत पांढरी चादर टांगून त्यावर दिवा लावा. तो आठवडा 'नॅशनल मॉथ वीक' म्हणून साजरा होतो. २०१२ मध्ये तो इथेच, न्यू जर्सीतल्या ईस्ट ब्रन्सविकमध्ये सुरू झाला, आणि आता भारतासह अनेक देशांत होतो. चादरीवर मोठे पतंग येतीलच. पण भिंग घेऊन त्यांच्या मधे बसलेले तीन-चार मिलिमीटरचे ठिपके बघा. फोटो काढताना डोकं आणि पंख मिटायची पद्धत दिसेल असं पाहा, कारण कुळ ओळखायला तेच उपयोगी पडतं.

आजीची शाल मी रफू करून घेतली. भोकं बुजली, नक्षीतला एक कोयरीचा कोपरा मात्र गेला तो गेलाच. आता ती हवाबंद पिशवीत असते, आणि कपाटात टांगलेला सापळा बरोबर कुळाचा आहे. गेल्या महिन्यात त्यावर दोन नर सापडले. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "डांबराच्या गोळ्या टाकल्या असत्यास तर एवढं वाचावं लागलं नसतं."